दोन जिवांचा घोर : आपल्या आत्मकथनांतील गरोदर स्त्री

दलित साहित्याने मराठीला नवी आई दिली, हे विधान आता इतक्यांदा झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. विधान खोटे नाही. देवापुढे दिवा लावून मुलाला संस्कारांचे चार शब्द सांगणारी आई बाजूला सारून आपल्या कवींनी, कथाकारांनी खडी फोडणारी, मोळी विकणारी, शिळ्या भाकरीसाठी दारोदार उभी राहणारी आई साहित्यात आणली. प्रस्थापितांच्या वाङ्मयाला ती ओळखता आली नाही, कारण तिला उंबऱ्याच्या आत घेण्याची त्यांची सवय नव्हती. हे सारे मान्य. परंतु ही आई आपल्याला भेटते तेव्हा पोर तिच्या पाठीशी बांधलेले असते. त्याआधीचे नऊ महिने ती कुठे होती? तिच्या पोटात कोण होते हे आपल्याला ठाऊक आहे, कारण तोच पुढे लेखक झाला. तिच्या मनात काय होते?

हा प्रश्न मी भावुकपणे विचारीत नाही. गरोदरपणात बाईला लागणारा घोर, धास्ती, रात्ररात्र न लागणारी झोप, कशातच जीव न रमणे, ‘हे मूल नको आणि मीही नको’ असे वाटणे, या अवस्थेला वैद्यकशास्त्र आज चिंताविकार आणि नैराश्य अशी नावे देते. काही महिन्यांपूर्वी एका चर्चासत्रात मी या विषयावर चार मुद्दे मांडले. अध्यक्षस्थानी असलेल्या ज्येष्ठ समीक्षकांनी समारोप करताना सांगितले की नैराश्य हा बंगल्यातल्या बायकांचा विषय आहे. आपल्या बाईचा प्रश्न पोटाचा, मनाचे नंतर बघू. टाळ्याही पडल्या. ही भूमिका साहित्यविचार म्हणून चुकीची आहे आणि वस्तुस्थिती म्हणूनही चुकीची आहे. दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत.

प्रस्थापित मराठी साहित्याबद्दल फार लिहायला नको. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) काय किंवा माधव ज्युलियन, यशवंत यांच्या आईवरच्या कविता काय, तिथे आई ही मुलाने आठवलेली वस्तू आहे. मुलाच्या आठवणीची सुरुवात जिथे होते तिथेच आईचा जन्म होतो. गरोदर स्त्री त्या परंपरेत दिसते ती डोहाळजेवणात. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटीत फळे. ‘डोहाळे’ या शब्दामागे संस्कृतातला ‘दोहद’ आहे आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांनी गर्भिणीला ‘दौहृदिनी’ म्हटले आहे, म्हणजे दोन हृदयांची. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका हेच साध्या शब्दांत बोलतात : दोन जिवांची. शब्द मोठा सुंदर आहे. पण शास्त्राने त्या दोन हृदयांपैकी काळजी वाहिली ती दुसऱ्याची. डोहाळे पुरवले नाहीत तर गर्भात व्यंग येईल, हे तिची इच्छा पुरवण्याचे कारण. तिची स्वतःची म्हणून काही इच्छा असू शकते आणि ती चिंचाबोरांपलीकडची असू शकते, हे कुणाच्या गावी नाही. आणि ज्या घरात मिठालाही पैसा नाही, तिथल्या बाईने कसले डोहाळे सांगावेत?

आता आपल्याकडे वळू. आपली समीक्षा वेदना, विद्रोह आणि नकार या तीन शब्दांवर उभी राहिली. हे शब्द आम्हाला वर्गात शिकवले गेले, आज मी ते शिकवते. पण वेदना म्हणजे समूहाची वेदना असे आपण नकळत ठरवून टाकले. जिला जात, भूक, अपमान अशी सार्वजनिक नावे आहेत तेवढीच वेदना आपण वेदना मानली. रात्री झोपडीत एकटी जागी असलेली पोटुशी बाई या व्याख्येत मावत नाही. बाबूराव बागुलांच्या ‘आई’ या कथेत विधवा आई आणि मुलगा यांच्यातला संशयाचा ताण आहे आणि तो विलक्षण सामर्थ्याने आला आहे. ज्योती लांजेवारांच्या ‘आई’ कवितेत रस्त्याच्या कामावर राबणारी आई आहे, आणि ती स्त्रीने लिहिली असल्यामुळे तिला देहाचा शीण ठाऊक आहे. तरी या रचना आपल्याला बाईच्या श्रमापर्यंत नेऊन थांबतात. श्रमाच्या आत जे चालले आहे तिथे जाण्याचे काम समीक्षेचे होते. ते आपण केले नाही.

शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) घ्या. या पुस्तकावर ढिगाने लिहिले गेले आहे. अस्मितेचा प्रश्न, अनौरसपणाचा डाग, गावगाड्याची क्रूरता हे सगळे मुद्दे आले. पण त्यात एक जागा आहे जिथे लेखक आपल्या आईविषयी, मसामाईविषयी, एकामागून एक प्रश्न विचारतो. तिने हे नऊ महिने का सोसले, पोटात हा गर्भ का वाढू दिला, लोकांच्या नजरा कशा झेलल्या. या प्रश्नांकडे आपण लेखकाच्या अस्तित्वाचा आक्रोश म्हणून पाहतो. तसा तो आहेच. मला मात्र ही जागा वाचताना मुलापेक्षा आई दिसते. मुलाचा प्रत्येक प्रश्न उलटा करून पाहावा. पाटलाचा गर्भ पोटात घेऊन महारवाड्यात राहणाऱ्या बाईला पाचव्या महिन्यात पोट दिसू लागल्यावर काय वाटले असेल? पाणवठ्यावर जाताना पदर किती वेळा सारखा केला असेल? हे मूल जगावे असे तिला वाटत होते का? मराठी आत्मकथनात गरोदर स्त्रीच्या भयाला इतके जवळून हात क्वचितच लागला आहे. पण हात मुलाचा आहे. प्रश्न पुस्तकात आहेत आणि मसामाईचे उत्तर पुस्तकात नाही. लेखकाला मी दोष देत नाही; मुलगा यापेक्षा अधिक काय करू शकला असता? समीक्षकांनी मात्र ती रिकामी जागा रिकामी आहे असे तरी म्हणायला हवे होते.

उत्तर द्यायला बायका स्वतः लिहू लागल्या तेव्हा काय झाले? इथे बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) जवळ थोडे रेंगाळले पाहिजे. फलटणला छोटे दुकान चालवणाऱ्या या बाईने घरच्यांपासून लपवून लिहिले आणि ते लिखाण कित्येक वर्षे दडवून ठेवले. महारवाड्यातल्या बाळंतपणाची जी वर्णने त्यात आहेत ती वाचून माझ्या वर्गातल्या मुली गप्प होतात. कोवळ्या वयाची पहिलटकरीण, अडाणी सुईणींचे हात, रक्त टिपायला धड चिंध्याही नाहीत, आणि सुटका झाल्यावर खायला काही नाही म्हणून पोट घट्ट बांधून पडून राहिलेली बाळंतीण. मराठी गद्यात बाळंतपणाचे इतके उघडे, इतके निःसंकोच वर्णन त्याआधी कुणी केले होते? सूतिकागृहाबाहेर येरझारा घालणारा नवरा आणि आतून येणारे रडणे, एवढ्यावर आपल्या कादंबऱ्या भागवीत आल्या होत्या.

पण या वर्णनाचे व्याकरण पाहा. बेबीताई ‘आम्ही’ म्हणतात. पुस्तकाच्या नावातच ‘आमुचं’ आहे. बाळंतपणात मरणाच्या दारात गेलेली ती पोर म्हणजे वाड्यातली कुणीही. त्यामुळे वर्णनाला साक्षीचे बळ येते. सगळा समाज उभा राहून जबाब देतो आहे असे वाटते. त्याच वेळी एक गोष्ट निसटते. कळा ‘आम्हां’ला येऊ शकतात, भूक ‘आम्हां’ला लागू शकते. मात्र सातव्या महिन्यात मध्यरात्री उठून बसून ‘मी यातून उठणार नाही’ असे जे वाटते, ते ‘आम्हां’ला वाटत नाही. ते एकटीला वाटते. बेबीताईंना हे ठाऊक नव्हते असे समजणे मूर्खपणाचे होईल. माया पंडितांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २००८ साली आला. त्यासोबतच्या मुलाखतीत बेबीताई नवऱ्याच्या संशयाबद्दल आणि मारहाणीबद्दल बोलल्या आहेत, आणि मूळ पुस्तकात ते नाही. समाजाचे दुःख सांगायला बसलेल्या बाईने स्वतःचे दुःख बाजूला ठेवले. चळवळीत वाढलेल्या कितीतरी बायकांनी हेच केले. आपण त्याला त्याग म्हणून गौरवतो. मला त्यात सक्तीही दिसते.

तरीही ‘जिणं आमुचं’मध्ये मन अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. ते दुसऱ्या वाटेने येते. बायकांच्या अंगात येण्याची जी वर्णने आहेत ती आपण अंधश्रद्धेचा पुरावा म्हणून वाचतो, आणि बेबीताईंचा स्वतःचा रोखही तसाच आहे. पण वर्षभर सासूच्या शिव्या खाणारी सून अंगात आल्यावर घुमते, ओरडते, हक्काने मागते, आणि तेवढा वेळ घर तिच्यापुढे हात जोडते. ज्या त्रासाला बोलायला शब्द नसतो तो देहातून बोलतो. गरोदर बाईच्या बाबतीत तर आपल्या लोकसमजुतींनी भयाची एक संपूर्ण वस्तीच उभी केली आहे. तिन्हीसांजेला बाहेर पडू नये, ग्रहणात चिरू-कापू नये, बाळंतपणात दगावलेली बाई अलवंतीण होऊन विहिरीवर, ओढ्यावर बसते, पाचवी-सहावीला सटवाई कपाळावर लिहून जाते. विज्ञानवादी म्हणून आपण या साऱ्याला नकार दिला, तो योग्यच होता. पण भुताला नकार दिल्याने भय गेले नाही. अलवंतीण कुणी कल्पिली? जिने शेजारणीला बाळंतपणात मरताना पाहिले आणि जिची पाळी पुढच्या महिन्यात होती, तिने. ती समजूत म्हणजे एका बाईची दुसऱ्या बाईविषयीची खबर आहे. आपण समजूत खोडून काढली आणि खबर घ्यायची राहिली.

उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) ‘मी’ अधिक मोकळी होते, संसार आणि देह यांविषयी ती आडपडदा न ठेवता बोलते. वाट तिथे रुंद झाली हे निश्चित. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

आता वस्तुस्थितीकडे. गरिबाला कुठले आले आहे नैराश्य, असे म्हणणाऱ्यांनी एक अभ्यास पाहावा. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात २७० गरोदर स्त्रियांना शेवटच्या तिमाहीत भेटून, प्रसूतीनंतर पुन्हा भेटून, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्य आढळले, आणि त्यांच्यापैकी ७८ टक्के स्त्रियांची मनःस्थिती गरोदर असतानाच लक्षणीय बिघडलेली होती. म्हणजे ज्याला आपण बाळंतपणानंतरचे म्हणतो ते पुष्कळदा आधीच सुरू झालेले असते. कारणे काय निघाली? आर्थिक ओढगस्त, नवऱ्याशी बिनसलेले संबंध, नवऱ्याची मारहाण, भूक, आणि मुलगी झाली की या सगळ्याला येणारी धार. ही यादी वाचून मी चमकले. ही आपल्या आत्मकथनांची अनुक्रमणिका आहे! भूक आणि मन यांना दोन कप्प्यांत टाकणाऱ्या आमच्या ज्येष्ठांना हे सांगायला हवे की भूक हेच मन खचण्याचे एक कारण म्हणून तिथे मोजले गेले आहे. पोटाचा प्रश्न आधी आणि मनाचा नंतर, असा रांगेचा हिशेब बाईच्या देहात चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारीही तेच सांगते. जगभरात दर दहा गरोदर स्त्रियांमागे सुमारे एकीला मानसिक विकार, प्रामुख्याने नैराश्य, जडते. गरीब आणि विकसनशील देशांत गरोदरपणात हे प्रमाण १५.६ टक्के आणि प्रसूतीनंतर १९.८ टक्के आहे. बंगल्यातला आजार असता तर आकडे उलटे असते.

मग हा आजार आपल्याला दिसत का नाही? एक कारण साधे आहे. थकवा, झोपमोड, अन्नावरची वासना जाणे, उगाच रडू येणे, ही गरोदरपणाचीही लक्षणे आहेत. घरची माणसे म्हणतात, ‘असं व्हायचंच.’ दुसरे कारण भाषेचे आहे. १९८७ साली एडिंबरोच्या संशोधकांनी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, ती आज गरोदर स्त्रियांसाठीही जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत हसू आले का, विनाकारण भीती वाटली का, स्वतःला इजा करावीशी वाटली का, असे प्रश्न. प्रश्नावली उपयोगी आहे, तिची टिंगल मी करणार नाही. पण आमच्याकडची बाई ‘मला नैराश्य आले आहे’ असे कधी म्हणणार नाही. ती म्हणेल, जीव घाबरा होतो. छातीत धस्स होतं. धसका घेतलाय. कशात मन लागत नाही. सुनं सुनं वाटतं. किंवा काहीच म्हणणार नाही आणि चुलीपुढे नुसती बसून राहील. या शब्दांचा कोश आपल्या आत्मकथनांत, जात्यावरच्या ओव्यांत, बायकांच्या बोलीत पडलेला आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्या. दळणारीने माहेरच्या आईशी केलेले बोलणे त्यांत ओवीओवीला भेटते. डॉक्टरला हा कोश ठाऊक नसला तर समजू शकते. मराठीच्या प्राध्यापकाला तो ठाऊक नसावा?

माझ्या आईने चार बाळंतपणे काढली. ती रोजंदारीवर जायची, सही करण्यापुरतीही शाळा तिला मिळाली नाही. मी माझ्या दुसऱ्या खेपेला सहाव्या महिन्यापासून झोपेविना तळमळत असे, पोटातले मूल हलले नाही की ते मेले असे मला वाटे, आणि हलले की आपणच मरणार असे वाटे. तपासणीच्या कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांचे रकाने होते, मनाचा नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आनंदी राहा, चांगली पुस्तके वाचा.’ पुस्तके वाचणे हा माझा पेशा आहे हे त्यांना कुठे माहीत! आईला सांगितले तेव्हा ती आधी हसली. ‘आमाला कुठं येळ व्हता उदास व्हायला? भाकरीचा घोर व्हता, त्योच पुरत व्हता.’ हे वाक्य मी ज्येष्ठ समीक्षकांच्या बाजूचा पुरावा म्हणून देऊ शकले असते. पण आई तिथे थांबली नाही. पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाली, ‘तुझ्या येळंला मातूर मी हिरीकडनं जायची न्हाई. लांबनं जायची. हिरीत बगितलं की पाय वडायचा.’ आणि वर, ‘ते काय दुखणं न्हवं. वाईट दिस व्हते.’

आईने दोन वाक्यांत जे सांगितले ते मी कोणत्याही आत्मकथनात वाचलेले नव्हते. रोजगाराला जाण्याचा जवळचा रस्ता सोडून लांबचा रस्ता धरणारी ती गरोदर बाई एकाच वेळी स्वतःचा जीव घेऊ पाहत होती आणि वाचवीतही होती. तिचा विद्रोह कुठल्या मोर्च्यात दिसणार नाही. तो त्या लांबच्या रस्त्यात आहे.

दुसऱ्या टोकाला आज आणखी एक संकट उभे आहे, आणि ते आपल्या वस्त्यांतही पोचले आहे. गर्भसंस्कार नावाची पुस्तके, ध्वनिफिती आणि शिबिरे. गरोदर स्त्रीने सदा प्रसन्न राहावे, मंत्र ऐकावेत, वाईट विचार मनात आणू नयेत, म्हणजे तेजस्वी संतती होते. आमची नोकरीला लागलेली पहिली पिढी ही पुस्तके हप्त्याने घेते. यामागे उभी आहे ती अभिमन्यूची कथा. चक्रव्यूहात शिरण्याची विद्या त्याने गर्भात ऐकली, बाहेर पडण्याची ऐकायची राहिली, कारण सुभद्रेला झोप लागली. पोटुशी बाईला झोप लागली हा गुन्हा, आणि त्यापायी मुलगा मेला! कौरवांनी घेरून मारला हे सोडून दोष आईच्या डुलकीला. ज्या बाईला आधीच धसक्याने झोप नाही तिला ही कथा सांगणे म्हणजे तिच्या भयावर अपराधाचे ओझे चढवणे होय. प्रसन्न राहण्याची सक्ती हीसुद्धा सक्तीच. चिंतेला आणि नैराश्याला उपाय आहेत. बोलण्याचे उपचार आहेत, गरज पडली तर डॉक्टरच्या देखरेखीखाली गरोदरपणातही घेता येतील अशी औषधे आहेत. मंत्र ऐकून धसका गेला नाही की बाई स्वतःलाच नालायक ठरवते आणि दवाखान्याची पायरी आणखी लांब जाते.

आपल्या परंपरेत याहून शहाणे काही आहे का? आहे. पण त्याचा आपण अभ्यास केला नाही. दिवस भरत आलेले असताना माहेरच्या ओढीने निघालेली पटाचारा वाटेत वादळात सापडते, नवरा सर्पदंशाने जातो, पोटची पोरे जातात, आईबाप जातात, आणि ती भान हरपून फिरते. लोक तिला वेडी म्हणून हाकलतात. बुद्ध तिला हाकलत नाहीत, तिची स्मृती तिला परत मिळवून देतात, आणि तीच पुढे दुःखी बायकांना आधार देणारी थेरी होते. थेरीगाथेत किसागोतमीच्या नावावर असलेल्या गाथांत बाळंतपणाच्या यातनेने स्वतःचा जीव घेणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख आहे. इतक्या जुन्या काळी एका स्त्रीच्या तोंडून हे आले आणि ते जपून ठेवले गेले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये महामायेचे मरण सांगितले आहे तेही या दृष्टीने वाचावे. गाव जन्माचा आनंद करीत असताना ती अंथरुणाला खिळते, आपल्यामागे लेकराचे कसे होईल ही काळजी स्वतः बोलून दाखवते आणि मूल बहिणीच्या, प्रजापतीच्या, हाती सोपवते. बाळंतिणीची काळजी तिथे तिच्या तोंडी येते आणि ऐकणारी माणसे उशाशी असतात.

हे केवळ ग्रंथापुरते नव्हते. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात गरोदर विधवांसाठी घर उघडले, तेव्हा त्यांनी ओळखले होते की त्या बायकांना विहिरीकडे ढकलणारे भय त्यांच्या डोक्यातून उपजलेले नाही, समाजाने ते त्यांच्या पोटात घातले आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना प्रसूतीच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे असे सांगितले. १९२९ साली तो कायदा झाला. १९३८ साली संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी विधानसभेत मांडला. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला कुणी राजी झाला नसता, असा त्यातला युक्तिवाद होता. सभागृहाने ठराव फेटाळला. नको असलेल्या गर्भाच्या धास्तीचा विचार राजकीय प्रश्न म्हणून आपल्या चळवळीने तेव्हाच केला होता. साहित्याच्या मांडवात येईपर्यंत तो कुठे गळाला? मला कॉलेजात पगारी रजा मिळाली ती त्या परंपरेची. १९६१ चा केंद्रीय कायदा आणि २०१७ ची दुरुस्ती यांनी ती सव्वीस आठवड्यांवर नेली. माझ्या आईसारख्या रोजंदारीवरच्या शेतमजूर बाईला त्यातले काहीच नाही.

उपाय केवळ मोठ्या रुग्णालयातच असतो असेही नाही. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत, शेवटच्या तिमाहीत नैराश्य आढळलेल्या स्त्रियांच्या घरी तिथल्या आरोग्यसेविका ठरलेल्या पद्धतीने जाऊन बोलत, ऐकत. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचे होईतो अशा भेटी मिळालेल्यांत २३ टक्के आणि नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्यांत ५३ टक्के स्त्रिया नैराश्यात होत्या. गोव्यातही पुढे आसपासच्या सामान्य स्त्रियांना शिकवून हाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. फरक रावळपिंडीइतका मोठा नव्हता, पण दिसण्याजोगा होता. दाराशी येऊन बसणारी, उपदेश न करणारी, ऐकणारी बाई. आपल्या वस्तीत आशाताई येतात, अंगणवाडीताई येतात. त्यांच्या वह्यांत हा एक प्रश्न वाढवणे अवघड नाही. त्यांचे मानधन आणि कामाचे ओझे पाहता तो फुकटात वाढवू नये, एवढेच.

समीक्षेचे काम यापेक्षा वेगळे नाही, असे मला वाटते. पुस्तकापाशी बसून ऐकणे. ‘अक्करमाशी’त उत्तर न मिळालेले प्रश्न आहेत, ‘जिणं आमुचं’मध्ये ‘आम्ही’च्या मागे थांबलेली ‘मी’ आहे. आत्मकथनांची लाट ओसरली, सांगण्यासारखे संपले, असे गेली काही वर्षे बोलले जाते. पुरुषांचे संपले असेल.

माझ्या वर्गात बीडकडच्या ऊसतोडणी कुटुंबांतल्या काही मुली आहेत. नवराबायको मिळून एक कोयता, दसरा-दिवाळीला उचल घेऊन निघायचे, आणि खाडा झाला तर दंड. त्यामुळे भरल्या दिवसांची बाईही मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते. त्यांच्यापैकी एकीने निबंधात लिहिले की तिचा जन्म उसाच्या फडात झाला. चार ओळीच होत्या : थंडी, पालापाचोळा, मुकादमाची गाडी मिळाली नाही, शेजारच्या कोपीतल्या म्हातारीने नाळ कापली. मी तिला म्हटले, त्याआधीच्या महिन्यांचे आईला विचार. निघताना तिला काय वाटत होते, जायला नको वाटले का, रात्री झोप लागायची का. तिने वहीत प्रश्न उतरवून घेतले. आई सध्या कारखान्यावर आहे. मार्चमध्ये पट्टा पडला की ती गावाकडे येईल, मग मुलगी विचारणार आहे.